लातूरचा प्लॉट थांबू द्या, पैसे सोबत न्या

अहमदपूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. थोडक्यात सांगते. यजमान वाळूजला कंपनीत आहेत, कुटुंबाला कॅनडाची पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, मंजूर झालीय, दिवाळीनंतर निघायचंय, ऑन्टारियो राज्यातल्या ब्रॅम्प्टनला अंबाजोगाईच्या एका मित्राच्या ओळखीनं बेसमेंट, म्हणजे तळघरातलं घर, बघून ठेवलंय, पदरात चार वर्षांची लेक. कन्सल्टंटनं सांगितलंय की उतरलं की सरकार नवरा-बायकोला मिळून महिन्याला साडेतीन हजार डॉलर देतं, ते पण वर्षभर. म्हणून यजमानांच्या मनात आलंय की फंड म्हणून दाखवलेले पंधरा लाख सगळे कशाला न्यायचे, त्यातले दहा लातूरच्या प्लॉटला घालू. सासरे विचारतात आम्ही मागून आलो तर आम्हाला पेन्शन लागेल का. तिकडं दवाखान्याचं कसं असतं ते पण विचारलंय. दीर म्हणतात आता तुम्ही परदेशी, हक्कसोड करून द्या. आणि चौथ्या पानाच्या खाली, पेन बदलून लिहिलेल्या तीन ओळी आहेत: "ताई, तिथं माझ्या नावावर काही असेल का? मी बीए आहे पण लग्नापासून घरीच आहे. माझी सही मराठीत आहे, ती चालते का?"

ताई,

पहिलं त्या साडेतीन हजाराचं बोलते कारण अख्खं घर त्या आकड्यावर बेत करून बसलंय. असे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. कमी मिळतील, उशिरा मिळतील असं पण नाही, ही योजना तुमच्यासाठी नाहीच. कॅनडात सरकार महिन्याचा खर्च देतं ते सरकारनं स्वतः आणलेल्या निर्वासितांना, जे युद्धातून, छावण्यांतून आलेले असतात, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि ते पण साधारण एक वर्ष किंवा त्याआधी ते स्वतःच्या पायावर उभे राहिले तर तेवढ्यापुरतंच. तुम्ही पॉइंट मोजून, इंग्रजीची परीक्षा देऊन, नोकरीचा अनुभव दाखवून चाललात, तुमची रांग वेगळी. हा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत राहतो, त्यात "निर्वासित" शब्द गळून जातो आणि "नवीन आलेले" एवढंच उरतं, मग लोकांना वाटतं सगळ्यांनाच मिळतं. मेसेज पुढं पाठवणाऱ्या माणसाचं सोडा, पण फी घेऊन काम करणाऱ्या कन्सल्टंटनं हे सांगावं याचा मला खरंच राग आला. त्याचं लायसन्स आहे का ते बघा, तिथल्या कन्सल्टंटना लायसन्स देणाऱ्या संस्थेची (कॉलेज म्हणतात तिला) यादी ऑनलाइन आहे, नाव टाकलं की कळतं.

आता तुम्हीच विचार करा, एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे ह्या पॉइंटच्या रांगेत, सरकारनं तुमच्याकडून फंड का दाखवून घेतला. तीन माणसांच्या कुटुंबाला जुलै २०२५ पासून २३,३६० डॉलर आहेत, हा आकडा दरवर्षी बदलतो. त्याचा अर्थच हा की पहिले काही महिने तुम्ही तुमच्या पैशावर राहणार आहात. म्हणूनच त्या नियमात शेतीची किंमत धरत नाहीत, घराची धरत नाहीत, सातबारा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, आणि कुणाकडून उसने घेऊन खात्यात ठेवलेले पण चालत नाहीत. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतात ती ह्याच्याचसाठी. बरं, हे एकदा दाखवून संपलं असं पण नाही, विमानतळावर उतरल्यावर अधिकारी विचारू शकतो की पैसे कुठं आहेत. तेव्हा यजमान काय सांगणार, प्लॉटचं इसारपत्र दाखवणार का? खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, प्लॉट आत्ता घेऊ नका. आणि यजमानांना हे पण सांगा की प्लॉट हातचा जात नाही. एनआरआय झाल्यावर सुद्धा घर, फ्लॅट, एनए झालेला प्लॉट भारतात घेता येतो, त्याला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. (एनए झालेला बरं का. लातूरच्या आजूबाजूला गुंठेवारीचे जे प्लॉट विकतात ते कागदावर शेतीच असतात पुष्कळदा, ते तर आत्ता पण नीट बघूनच घ्यावेत.) दोन वर्षांनी तिकडं हातात पगार आला की शांतपणे घ्या.

पंधरा लाख तिकडं किती दिवस पुरतात ते सांगते म्हणजे दहा काढून घ्यायचा विचार मनातून जाईल. ब्रॅम्प्टनला एका खोलीचं बेसमेंट पंधराशे ते अठराशे डॉलर धरून चला. घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं घेतो आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ घेतो, म्हणजे चावी हातात यायच्या आधीच तीन-साडेतीन हजार गेले. त्यात तुम्ही नोव्हेंबरात उतरणार, तिघांना जाड जॅकेट, बूट, लेकराला स्नो पँट, गादी, भांडी, फोन, बसचा पास. आम्ही २०१६ ला नोव्हेंबरातच गेलो होतो. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक गोष्टीचे रुपये करून बघायची, कोथिंबिरीची जुडी उचलायची आणि परत ठेवायची, आणि त्या हिशेबानं माझं डोकं दुखायचं. रुपयात मोजू नका. डॉलरात किती आहेत, भाडं किती, किती महिने निघतील, एवढंच वहीत लिहा. पाच लाखात म्हणजे साडेसात-आठ हजार डॉलरात तुमचे तीन महिने पण नीट निघणार नाहीत, आणि यजमानांना त्यांच्या लाइनची नोकरी लागायला त्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पंधरा असतील तर माणूस घाबरून मिळेल ते धरत नाही, थोडं थांबून बघू शकतो.

पैसे बँकेतूनच पाठवा. वर्षाला एका माणसाचे दहा लाखांच्या वर गेले की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो पण ऐनवेळी अडकतो. म्हणून दहा यजमानांच्या खात्यातून आणि पाच तुमच्या खात्यातून जाऊ द्या. हे मी फक्त टॅक्ससाठी सांगत नाही, पुढं कळेल कशासाठी. रोख किंवा ड्राफ्ट मिळून १० हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याच्या वर सोबत असेल तर उतरल्यावर सांगावं लागतं, सांगितलं की काही अडचण नाही, लपवलं की जप्ती.

आता जे मिळतं ते. आणि मिळतं ताई, खरंच मिळतं, मी स्वतः घेतलंय.

सगळ्यात मोठं म्हणजे लेकराचे पैसे. कॅनडा चाइल्ड बेनिफिट म्हणतात, तिकडचे लोक नुसतं सीसीबी म्हणतात. पीआरवाल्याला पहिल्या दिवसापासून लागू, थांबायचं नाही. (वर्क परमिटवर गेलेल्यांना मात्र आधी अठरा महिने राहावं लागतं, तुमची कुणी मैत्रीण परमिटवर जाणार असेल तर तिला हे सांगा.) सहा वर्षांच्या आतल्या लेकराला जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षात जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर, म्हणजे महिन्याला ६६६ च्या आसपास, सहा ते सतरा वयाला वर्षाला ६,७४८. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३७,४८७ डॉलरच्या आत असेल तर पूर्ण मिळतात, त्याच्या वर हळूहळू कमी होत जातात. पहिल्या वेळी ते तुमचं भारतातलं उत्पन्न बघतात, वाळूजचा पगार डॉलरात केला की तो त्या मर्यादेच्या बराच आत येतो, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम धरायला हरकत नाही. महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास खात्यात येतात आणि त्याच्यावर टॅक्स नाही. ऑन्टारियो राज्याचे थोडे वेगळे पण त्यातच येतात.

पण ६६६ डॉलर आणि सोळाशे भाडं, हे दोन आकडे शेजारी लिहून यजमानांना दाखवा. ते लेकराच्या दुधाचे, कपड्यांचे, बुटांचे पैसे आहेत, घर त्याच्यावर चालत नाही. आणि उतरल्या दिवशी मिळत नाहीत, अर्ज गेल्यावर दोन-तीन महिने धरा. मागचे महिने बुडत नाहीत, मंजूर झाले की मागचे धरून एकदम येतात, पण तोपर्यंत खिशात लागतात ना.

अर्जाचा फॉर्म आरसी ६६, त्याच्यासोबत नवीन आलेल्यांसाठी एक जोडपत्र असतं, त्यात दोघांचं आधीचं उत्पन्न डॉलरात लिहायचं. लेकराच्या जन्माचा दाखला लागतो. आणि इथं मी तुम्हाला आत्ताच थांबवते. लेकीचा जन्मदाखला काढून समोर ठेवा, त्याच्यावर आईचं नाव कसं लिहिलंय बघा, माहेरचं आहे का सासरचं, आणि पासपोर्टवर कसं आहे. आपल्याकडं बाळंतपण माहेरी होतं, दवाखान्यात जे सांगितलं ते लिहून घेतात, स्पेलिंग दवाखान्यातला माणूस त्याच्या मनानं करतो. माझ्या लेकाच्या दाखल्यावर माझ्या नावातलं एक अक्षर जास्त होतं आणि आडनाव माहेरचं, तर त्या एका अक्षरापायी मला तिकडून इथं भावाला चार वेळा नगरपालिकेत पाठवावं लागलं. फरक असेल तर जिथं नोंद झाली त्या कार्यालयात जाऊन दिवाळीच्या आत दुरुस्त करून घ्या, दोन-तीन प्रती जास्तीच्या काढा, लग्नाच्या नोंदणीचा दाखला पण सोबत ठेवा.

दुसरी चूक जी मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी टॅक्स रिटर्न दोघांचे भरले. दुसऱ्या वर्षी मला वाटलं माझी कमाई शून्य आहे, मी कशाला भरू, यजमानांचा भरला की झालं. जुलै उजाडला, वीस तारीख गेली, खात्यात काही नाही. मला वाटलं बँकेचा घोळ असेल. मग एक तपकिरी लिफाफा आला, मी ओट्यापाशी उभी राहून उघडला, त्यात एवढंच होतं की तुमचा रिटर्न आमच्याकडं नाही, आला की पुढचे पैसे चालू होतील. गॅसवर वरण होतं ते उतू गेलं तरी मी तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. यजमानांचे कामाचे तास तेव्हाच कमी झालेले, आणि दोन महिने आम्ही त्या पैशाशिवाय काढले. तर ताई, कमाई असो नसो, नवरा-बायको दोघांनी दरवर्षी ३० एप्रिलच्या आत रिटर्न भरायचा. कमी उत्पन्नवाल्यांचे रिटर्न फुकट भरून देणारे कार्यकर्ते मार्च-एप्रिलमध्ये लायब्ररीत, मंदिरात, कम्युनिटी सेंटरमध्ये बसतात, त्यांच्याकडं जा, शंभर डॉलर मागणाऱ्याकडं नको. जीएसटी क्रेडिट म्हणून दर तीन महिन्यांनी थोडे पैसे मिळतात, दातांच्या सरकारी योजनेचा लाभ मिळतो (कुटुंबाचं उत्पन्न ९० हजारांच्या आत आणि कंपनीचा विमा नसेल तर), हे सगळं त्या एका रिटर्नवर चालतं.

त्या रिटर्नमध्ये एक गोष्ट आपल्या लोकांकडून राहतेच. तिकडचे रहिवासी झाल्यावर जगातलं सगळं उत्पन्न सांगावं लागतं. आपल्याकडं शेतीला टॅक्स नाही म्हणून लोक धरतच नाहीत, पण सोयाबीनचे, तुरीचे तुमच्या वाट्याचे पैसे यजमानांच्या नावावर येत असतील तर ते तिथं दाखवायचे. मोंढ्याची पट्टी दिरांकडून व्हॉट्सअॅपवर मागून ठेवत जा. लपवलं आणि नंतर कळलं तर दिलेले पैसे व्याजासकट परत मागतात.

दवाखान्याचं तुम्ही विचारलंय. आमच्या वेळी ऑन्टारियोत तीन महिने थांबावं लागायचं, त्याच काळात लेकाचा कान दुखायला लागला आणि खिशातून बिल भरलं. २०२० पासून ती अट काढलीय, त्यामुळं ब्रॅम्प्टनला आल्या आल्या ओहिपचं, म्हणजे ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड करायला जा, पीआरचा कागद, ओळख आणि राहत्या पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. घर भाड्यानं घेताना करारावर तुमचं पण नाव घालून घ्या म्हणजे पत्त्याचा पुरावा दोघांचा होतो. डॉक्टर, दवाखान्यात भरती, बाळंतपण, ऑपरेशन याचे पैसे लागत नाहीत. औषधं मोठ्यांना विकत, पंचवीसच्या आतल्यांना खासगी विमा नसेल तर बरीचशी फुकट. चष्मा आणि दात त्याच्यात नाहीत. कार्ड हातात येईपर्यंतचा एखाद्या महिन्याचा प्रवास विमा इथूनच काढून जा. आणि पहिल्या १८३ दिवसांत १५३ दिवस राज्यात राहायची अट आहे, म्हणून संक्रांतीला, लग्नाला परत यायचं ठरवू नका, आत्याबाई कितीही म्हणाल्या तरी. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर नियम वेगळा, ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावं लागतं, तिथं उरलेला महिना आणि पुढचे दोन.

लेकीची शाळा तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ऑन्टारियोत चार वर्षांच्या लेकराला ज्युनियर किंडरगार्टन आहे, सरकारी शाळा, दिवसभर, फी नाही. मध्येच नोव्हेंबरात गेलात तरी घेतात. लसीकरणाचं कार्ड मागतात, ते हरवलं असेल तर आत्ताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नोंदी काढून सही-शिक्क्यानिशी घ्या. तिथं शाळेसाठी कांजिण्यांची लस पण धरतात आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात ती नाही, म्हणून लेकीला दिलेली नसेल तर लहान मुलांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, नाहीतर तिकडं देतील, तेवढं घाबरायचं कारण नाही.

बेकारी भत्त्याचं यजमानांना एका वाक्यात सांगा, तो आधी काम करून हप्ते भरलेल्याला असतो, गावानुसार वर्षात ४२० ते ७०० तास काम झालेलं लागतं, नुकत्याच उतरलेल्याला नाही. अगदीच काही नसेल तर ऑन्टारियो वर्क्स म्हणून मदत आहे, पीआरवाल्याला अर्ज करता येतो, पण ती जवळ काहीच उरलं नाही अशा माणसासाठी आहे, एकट्याला महिन्याला जास्तीत जास्त ७३३ डॉलर, आणि आधी बँकेत किती आहेत ते बघतात. वेळ आली तर घ्या, त्यात लाजायचं काही नाही, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

सासऱ्यांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. मामा, तिकडं म्हातारपणाची पेन्शन आहे, पण वयाची पासष्ट पूर्ण आणि कॅनडात कमीत कमी दहा वर्षं राहिलेलं लागतं, नुसतं लेकाकडं आलं म्हणून लागत नाही. तुम्हाला यायचं तर आई-वडिलांसाठीचा सुपर व्हिसा चांगला, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्याला किमान एक लाख डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो आणि तो हप्ता साठीच्या पुढं, शुगर-बीपी असेल तर चांगलाच बसतो. ओहिप नाही, पेन्शन नाही, बेनिफिट नाही. आणि लेकानं तुम्हाला पीआर करून नेलं तर तो वीस वर्षांची हमी लिहून देतो की यांचा सगळा भार माझा. म्हणून निराधार म्हणा, शेतीचा खंड म्हणा, तुमचं जे इथं चालू आहे ते मोडून येऊ नका.

दिरांचं म्हणणं मात्र कायद्यात बसत नाही. परदेशी राहायला गेलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. भारतात राहत असताना असलेली किंवा वडिलांकडून वारशानं आलेली शेतजमीन एनआरआयला ठेवता येते. जे करता येत नाही ते म्हणजे नवी शेतजमीन विकत घेणं. म्हणजे नोंदणी करून एकदा हक्क सोडला आणि उद्या मन बदललं तर पैसे असून पण परत घेता येणार नाही. प्लॉट नंतर घेता येतो, रान नाही. निघायच्या गडबडीत, गाडी दारात उभी असताना कुठल्याही कागदावर सही करू नका, दोघांनी पण. दिरांना शेती कसायची आहे, पीक विमा, पीक कर्ज यासाठी सही लागते हे खरं आहे, तर त्या कामापुरतं मुखत्यारपत्र करून द्या, त्यात विक्रीचा अधिकार घालू नका. भाऊजींना दुखवायची गरज नाही, आम्ही परत आलो तर कुठं उतरणार एवढंच विचारा.

आता त्या तीन ओळींचं. मी हे शेवटी ठेवलं कारण मला त्याला वेळ द्यायचा होता.

ताई, तिथं तुमच्या नावावर पुष्कळ काही असेल. पहिली तुमची पीआर. ती यजमानांमुळं मिळाली असली तरी उतरल्यावर ती तुमची आहे, त्यांच्या पीआरला बांधलेली नाही. दुसरा तुमचा सिन नंबर, कामाला आणि टॅक्सला लागणारा सरकारी क्रमांक, नऊ आकडी, फुकट मिळतो, सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसात तिघं मिळून जा आणि तिघांचे काढा. मी पहिल्या दिवशी यजमानांची फाइल घेऊन त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते, खिडकीतल्या बाईनं त्यांचं काम संपवलं आणि मान बाजूला करून माझ्याकडं बघून विचारलं, तुमचा? मी म्हणाले मला नोकरी नाही. ती म्हणाली नोकरीचं नाही विचारलं, तुमचा नंबर काढायचाय ना, पुढं या. ती खुर्ची अजून डोळ्यासमोर आहे.

लेकराचे ते ६६६ डॉलर तुमच्या नावावर येतील. तिकडच्या नियमात आई-वडील एका घरात असतील तर लेकराला सांभाळणारी आई असंच धरतात, अर्ज आईच्या नावानं करायचा, वडिलांच्या नावानं करायचा असेल तर आईनं लेखी सही करून द्यावं लागतं. आपल्याकडं लाडकी बहीणचे पंधराशे बाईच्याच खात्यात येतात तसंच समजा. म्हणून बँकेत एक जॉइंट खातं काढा घराचं, आणि एक फक्त तुमचं, आणि सीसीबी तुमच्या खात्यात लावा. इथून पाच लाख तुमच्या खात्यातून पाठवायला सांगितलं ते ह्याच्याचसाठी, पहिल्या दिवसापासून त्या देशात तुमच्या नावानं पैसे असले पाहिजेत. हे यजमानांवर अविश्वास म्हणून नाही, पत्रावरून माणूस चांगलाच वाटतो. पण माणूस आजारी पडतो, कामावर दुसऱ्या गावी जातो, आणि कधी कधी काही घरात वाईट पण होतं, अशा वेळी ज्या बाईला बँकेचं कार्ड वापरता येत नाही तिला त्या थंडीत दार उघडून कुठं जायचं ते कळत नाही. मी अशा दोघींना जवळून बघितलंय. २११ ला फोन लावला तर कुठली मदत कुठं आहे ते सांगतात आणि दुभाषा पण मिळतो, जीवावर आलं तर ९११.

आणि इंग्रजी. पीआर झालेल्यांना सरकारी पैशावर फुकट इंग्रजीचे वर्ग आहेत, लिंक म्हणतात त्याला. आधी एक चाचणी घेतात आणि तुमच्या पातळीच्या वर्गात बसवतात, पुष्कळ ठिकाणी लहान लेकरांना शेजारच्या खोलीत सांभाळतात. तुम्ही बीए आहात, फार खालून सुरुवात नाही होणार. तिथंच बायोडाटा कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बोलायचं, बस कशी धरायची, सगळं शिकवतात. नव्यानं आलेल्यांना मदत करणाऱ्या अशा संस्था ब्रॅम्प्टनला भरपूर आहेत, त्यांचा पैसा सरकार देतं, तुमच्याकडून एक डॉलर घेत नाहीत. मंजुरीचं पत्र हातात असलेल्यांना निघायच्या आधी पण ऑनलाइन मार्गदर्शन फुकट मिळतं, ते दिवाळीच्या आत दोघांनी करून घ्या. सिन काढून देतो, सीसीबी लावून देतो म्हणून पैसे मागणारा तिकडं पण भेटेल, आपलाच, मराठीत नाहीतर हिंदीत गोड बोलणारा, त्याला नमस्कार करून पुढं जा. आणि टॅक्स खात्यातून बोलतोय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा नाहीतर अटक, असा फोन आला तर ठेवून द्या, मला पहिल्या वर्षात तीनदा आला.

सही मराठीत चालते. पासपोर्टवर जशी आहे तशीच सगळीकडं करायची, एवढीच काळजी घ्या. मी सात वर्षं तिकडं मराठीतच सही केली, बँकेत, शाळेत, त्या आरसी ६६ वर पण. फक्त लिफ्टमध्ये भेटलेली एक पंजाबी आजी एकदा माझ्या हातातला फॉर्म बघून म्हणाली होती, छान दिसतं गं हे, काय लिहिलंय? मी तिला माझं नाव वाचून दाखवलं.